बेरिंग धुण्यास हरकत नसलेला द्रव

आमच्या सोसायटीचा पंप सोमवारी सकाळी घरघर करून बंद पडला. गुरुवारी नळाला पाणी येणार होतं. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदा येतं, खालच्या हौदात पडतं आणि पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंप नाही म्हणजे सोळा घरं पुढचा आठवडा कोरडी.

तळमजल्यावर कडुबा राहतो. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. आता मागच्या पडवीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या कूलरची टाकी आणि मोटर जोडून त्यानं सुटे भाग धुण्याचं यंत्रही केलं आहे. दुपारपर्यंत त्यानं पंप उकलला.

"बेरिंगमधी ग्रीस अन् चिखल बसून दगड झालाय. धुतलं की चालतंय बघा," तो म्हणाला, आणि जनरेटरच्या खोलीतलं दोन लिटर डिझेल मागायला सचिव सुलेखाताईंकडे गेला.

इथंच चूक झाली. त्यानं विचारलं.

"तोंडी देता येत नाही, कडुबाभाऊ. अर्ज द्या. आणि डिझेलच का, ते लिहा."

कडुबानं लिहिलं : 'पेट्रोल भडकतं. थिनरनं रबरी सील फुगतं. रॉकेल आता मिळत नाही. डिझेलनं ग्रीस निघतं, मागं तेलाचा पातळ हात राहतो, गंज धरत नाही.' अर्ज चारच ओळींचा असल्यानं अपूर्ण ठरला.

अध्यक्ष रामकिसन साहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. पंप सर्वांचा असल्यामुळे, ज्यास एकाही सभासदाची हरकत नाही असाच द्रव निवडावा, असा ठराव झाला. द्रवानं ग्रीस निघावं, ही अट मसुद्यात होती. पण ती ठेवल्यास पर्याय कमी होतात, म्हणून वगळली. मीही हात वर केला.

मंगळवारी हरकती आल्या. डिझेलच्या वासानं लोणचं बिघडतं, असं तीन नंबरच्या घरानं कळवलं. सात नंबरचे जावई बॅटरीच्या गाड्या विकतात. सासुरवाडीत डिझेल वापरणं त्यांना शोभलं नसतं. मग कडुबानं बाजारातलं ग्रीस काढायचं लिक्विड सुचवलं. त्याच्या डब्यावर हातमोजे घाला असं छापलेलं होतं. ज्याला हातमोजे लागतात ते आपल्या पंपात कसं चालेल, असा बिनतोड प्रश्न साहेबांनी विचारला.

छाननीअंती सोळाही घरांची हरकत नसलेला एकच द्रव उरला. पाणी.

"साहेब, पाण्यानं ग्रीस निघत नाय," कडुबा म्हणाला.

"हे तुमचं वैयक्तिक मत झालं."

कडुबाची बायको सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या, "पाण्यानं ग्रीस निघालं असतं, तर यांचे कपडे घासून माझे हात कशाला सोलले असते? या साहेब, एक प्यांट देते. धुवून दाखवा."

ही सूचना विषयपत्रिकेवर नसल्यानं विचारात घेतली नाही.

आता पाणी आणायचं कुठून? टाकी तर रिकामी. पिण्याचे पाच जार मागवले. बुधवारी सकाळी आम्ही घोट-घोट मोजून प्यायलो आणि बेरिंगनं मनसोक्त आंघोळ केली. ग्रीस होतं तिथंच राहिलं. कडुबा भाग पुसायला बाहेर काढू लागला, तर सुलेखाताईंनी हात धरला.

"पाहणी झाल्याशिवाय बाहेर काढू नका. उपसमिती उद्या येते."

"अवो ताई, रातभर पाण्यात ठिवलं तर गंजंल की!"

"मग तसं लेखी द्या."

गुरुवारी सकाळी उपसमितीनं धुण्याच्या यंत्राच्या टाकीत डोकावून पाहिलं. पाणी लालसर झालं होतं. अहवालात नोंद झाली : 'द्रवाचा रंग बदलला, यावरून मळ निघाल्याचे सिद्ध होते.'

"मळ नव्हं त्यो," कडुबा हळू आवाजात म्हणाला. "बेरिंग हाय."

नळाला पाणी आलं, हौद काठोकाठ भरला. कडुबानं पंप जोडून कळ दाबली. पंप एकदा कण्हला आणि कायमचा गप्प झाला. आम्ही दोर लावून हौदातून बादल्या शेंदल्या आणि चार जिने चढलो. वर पोचेपर्यंत निम्मं पाणी जिन्यावर सांडलेलं असायचं.

शुक्रवारी नव्या पंपाच्या निवडीसाठी हरकती मागवल्या. तोवर तहान कुठं थांबते? हौदातलं पाणी ओढायला प्रत्येकानं घरापुरती एक-एक जुनी मोटर भंगारबाजारातून आणली. सगळ्या ग्रीसनं बरबटलेल्या. शनिवारी सकाळी कडुबाच्या पडवीसमोर रांग लागली. पहिले अध्यक्ष.

"कशानं धुवू, साहेब?"

"अरे, ते मला काय विचारतोस? सगळ्यांच्या आधी माझी लाव. हौदात पाणी किती उरलंय ते दिसतंय ना?"

दुसऱ्या सुलेखाताई. त्यांनी बाटलीभर डिझेल सोबतच आणलं होतं.

तिसरा मी. मोटर खाली ठेवली आणि कडुबाच्या तोंडाकडे न बघता म्हणालो, "घाई कर."

माझ्या मागं तुम्ही होता. तुमची मोटर माझ्यापेक्षा मोठी होती.