सुंदराबाईची कढई आणि जेट विमान

मुलांनो, कल्पना करा की साल एकोणीसशे चोपन्न आहे. तुम्ही सिंदी स्टेशनाबाहेरच्या गर्दीत उभे आहात आणि तुमच्या हातात गरम भज्यांचा द्रोण आहे.

भजी सुंदराबाईची. एका लोखंडी कढईवर तिचे आणि तिच्या लेकीचे, जिजाचे, पोट चालायचे.

त्या दिवशी धातुबचत अधिकारी महादेवराव त्या कढईपुढे खुर्ची टाकून बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "जेट विमानाच्या इंजिनातली पाती भट्टीसारखी तापतात. ती टिकावीत म्हणून मिश्रधातूत निकेल आणि कोबाल्ट घालावे लागते. हे धातू दुर्मिळ आहेत. सबब, जिथे धातू तापतो, तिथे त्याचा वापर कमी करण्याचा आदेश आहे. सिंदीत सर्वांत जास्त तापणारी वस्तू ही कढई होय."

"पण साहेब, हे तं लोखंड हाय," जिजा म्हणाली. "ते काऊन दुर्मिळ राहीन?"

"शाबास! लोखंड मुबलक आहे, म्हणूनच ते निकेलला पर्याय ठरू शकते. आणि पर्याय जपला नाही, तर तोही दुर्मिळ होईल. हरिदास, कढई जप्त कर!"

"मंग मी भजे कायच्यात तळू?" सुंदराबाईने विचारले.

"मातीच्या कढईत."

"जाळावर तडकून जाईन ना ते, बापा!"

महादेवरावांनी क्षणभर विचार केला. "मग जाळच करू नका. उष्णता नसेल तर धातूचा प्रश्नच उद्भवत नाही. यापुढे भजी थंड तेलात तळावीत. देशासाठी!"

टाळ्या पडल्या. द्रोण खाली ठेवून तुम्हीही वाजवल्यात.

उरलेली भजी महादेवरावांनी पुरावा म्हणून तोंडात टाकली. हरिदास शिपायाने तेल ओतून घेऊन कढई उचलली. सुंदराबाईने लेकीला विचारले, "आता उद्या काय खावाचं वं, जिजे?"

जिजा रडली नाही. ती महादेवरावांना म्हणाली, "साहेब, तापणारं लोखंड गावात लय हाय. हे अण्णाजी टाळ्या वाजवून राह्यले ना, यायच्या घरी हा एवढा तवा हाय!"

अण्णाजींचे हात हवेतच थांबले. "अरे हरिदास, ठेव ते कढई खाली," ते एकदम कळवळून बोलले. "गरिबाच्या पोटावर पाय देऊन राह्यला का?"

"अन् बापूजीच्या घरी दोन तवे," जिजा म्हणाली. बापूजींनाही तत्काळ गरिबांची दया आली.

मग एकेकाकडे बोट दाखवत जिजा गर्दीतून पुढे आली, तुमच्यासमोर थांबली आणि विचारू लागली, "अन् तुमच्या घरी भाकर कायच्यावर भाजतेत?"