शिरीषाचं दरपत्रक

डुबलांच्या परसातल्या शिरीषाच्या झाडाने स्वतःला काढून टाकण्याचं दरपत्रक दिलं, आणि तिन्हींत तेच सर्वांत कमी निघालं.

दिनकरराव डुबल पाटबंधारे खात्याच्या भांडारातून निवृत्त झालेले. तीन दरपत्रकं घेतल्याशिवाय त्यांनी नोकरीत साधा झाडू विकत घेतला नव्हता, आणि घरातही तोच कायदा. शिरीष स्वयंपाकघराच्या पत्र्यावर कलला होता, तेव्हा काढणं भाग होतं. क्रेनवाल्याने अडतीस हजार सांगितले. वखारवाल्या मुलाणींनी, लाकूड आपण नेणार या बोलीवर, साडेसव्वीस. घरात चाळीस हजार होते खरे, पण ते पत्नी सुलोचनाबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये पदरचे घालायचे होते. शिरीषाने मागितले चार हजार दोनशे.

दिनकररावांच्या मनात पाल चुकचुकली. कागद घेऊन ते परसात गेले.

"एवढं स्वस्त कसं परवडतं तुला?"

"मजूर नाहीत साहेब, करवत नाही, ट्रॉलीचं भाडं नाही," शिरीष म्हणाला. "चार हजार खड्डा बुजवायच्या मुरमाचे. दोनशे किरकोळ."

"अनुभव?"

"पहिलंच काम आहे."

"आणि काम अर्धवट टाकून निघून गेलास तर?"

"निघून गेलो म्हणजे काम झालंच की साहेब."

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच दिनकररावांना ते मुळीच आवडलं नाही. सरळ बोलणारा ठेकेदार त्यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी अनामत रक्कम मागितली, शिरीष कबूल झाला. दिरंगाईला दंड लावला, तोही कबूल. इतकं कबूल होतोय म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, असं धरून त्यांनी स्थानिक जामीनदार मागितला. तेव्हा सुलोचनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

"अगं, त्याचा भरवसा काय?"

"चौतीस वर्षं इथंच उभं आहे. कुठं पळून गेलंय?"

मंगळवारी दहाला शिरीष गेला. मुळं एकेक करून सोडवून घेतली, मुरूम दाबून बसवला, पाचोळा झाडला आणि शेजाऱ्यांच्या केबलला धक्का लागू नये म्हणून मागच्या फाटकातून वाकून बाहेर पडला. दिनकरराव टेप घेऊन तासभर जागा मोजत होते. खोट काढायला काही म्हणजे काही मिळालं नाही, आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

"मग आता डॉक्टरांची तारीख घ्यायची ना?" सुलोचनाबाईंनी ताट उचलत विचारलं.

"एवढ्यात नको. ते झाड परत आलं तर? एक पावसाळा जाऊ दे, तोवर पैसे हलवायचे नाहीत. आणि डॉक्टर तरी आपण एकच पाहिलाय."

सुलोचनाबाई भिंतीला धरून धरून आत गेल्या.

सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद होता. अक्षर सुलोचनाबाईंचं. काम : या घरातून स्वतः निघून जाणे. मजुरी : नाही. मुदत : एक दिवस. वाहतूक : गुडघ्यामुळे चालवत नाही, सबब स्टँडपर्यंत रिक्षा, ऐंशी रुपये. एकूण ऐंशी.

दिनकरराव घाबरले, आणि घाबरल्यावर एकच गोष्ट त्यांना येत होती.

"दरपत्रकं तीन लागतात," ते म्हणाले. "हे एकच आहे."

"मागवा की बाकीची दोन," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी थांबते तोवर."

त्या पायरीवर पाय लांब करून बसल्या. दिनकररावांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. कुठे खाडाखोड नव्हती, सही होती, तारीख होती. रिक्षाचा दरही वाजवी होता.