शेळ्यांचा शेवट, निम्म्या किमतीत

“आन् राणीनं मुकुट खुंटीला अडकवला, आन् गेली शेळ्या राखायला.”

माणूस ऐकलेला आवाज विसरतो, पण मिळालेली सूट विसरत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. रहिमतपूरचे निवृत्त हवालदार जोतीराम दोन्ही विसरत नाहीत. वरचं वाक्य त्यांनी तरुणपणी, रजेच्या शेवटच्या संध्याकाळी, पत्नी लीलाबाई एक पुस्तक वाचून दाखवत होत्या तेव्हा ऐकलं. गोष्टीचा शेवटच तो. पुस्तक जुनं होतं, जाडजूड होतं आणि त्याला मुखपृष्ठ नव्हतं. (पुस्तक अभिजात ठरायला एवढं पुरतं.) पुढं ते हरवलं, नाव तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोफखान्याच्या नोकरीत उजवा कान गेलेला. डाव्याबद्दल सांगलीचे डॉक्टर म्हणाले, “जे ऐकायचं ते ऐकून घ्या.” तेव्हा हवालदारांनी तो शेवट पुन्हा एकदा ऐकायचं ठरवलं आणि मोबाईलवर अभिजात पुस्तकांची शोधमोहीम उघडली.

पद्धत शिस्तीची होती. आधी स्वस्तातलं ई-पुस्तक घ्यायचं, कारण ते घेणाऱ्याला त्याचा आवाज, म्हणजे बोलतं पुस्तक, निम्म्या किमतीत मिळतो. मेथीच्या पेंडीवर कोथिंबीर मिळते तसा. मग शेवटचं पान उघडून शेळ्या आहेत का ते पाहायचं. नसल्या, की त्याच पुस्तकाचा आवाजही विकत घ्यायचा. (नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळत असताना सोडणं, याला नुकसान म्हणतात.) ऐकायला अर्थात सवड नसे, तोवर पुढची सवलत संपत आलेली असे.

या संशोधनातून असं निष्पन्न झालं, की अभिजात साहित्यात राण्या मुबलक आहेत. बहुतेक विष घेतात, काही झुरून जातात, एखादी संन्यास घेते. शेळ्यांकडे मात्र एकही वळत नाही. पशुसंवर्धनाबाबत थोर लेखकांची ही उदासीनता चिंताजनक आहे.

अखेर फोन अडला. लीलाबाईंना घेऊन हवालदार मोबाईल दुरुस्तीवाल्या अश्फाककडे गेले.

“हवालदारसाब, गच्च भरलाय की वो. कायतरी उडवाय पायजे.”

“नातीच्या बारशाचं फोटू उडीव.”

“आन् ही पुस्तकं? एक बी उघडून ऐकल्यालं दिसंना.”

“त्यास्नी हात लावू नगंस. सवलतीतली हायत ती.”

लीलाबाई उठल्या आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या.

“आवं, शेळ्या कुठल्याच पुस्तकात न्हाईत. राणी इख घ्याय बसली, आन् तितनं फुडं शेवटची पानं फाटली हुती. तुमी दुसऱ्या दिशी पल्टनीला निघणार. राणीला मारून तुमास्नी कसं धाडू? मीच घातल्या शेळ्या.”

“मग इतकं दिस बोलली का न्हाईस?”

“मला कवा इचारलंसा? फोनलाच इचारत हुतासा.”

हवालदारांनी डावा कान पुढं केला. “परत सांग की.”

“आदी त्यो फोन खाली ठिवा.”

त्यांनी ठेवला. (वाचकांनी फोन खाली ठेवायची घाई करू नये. त्यांची सवलत आजच संपते. शेजारी बसलेलं माणूस काय, उद्याही असेलच.)