पाटणकरांची चिकटपट्टीची बोट

पाटणकरांच्या बोटीवर मी पहिल्यांदा चढलो तेव्हा ती त्यांच्या दिवाणखान्याच्या जमिनीवर चिकटवलेली होती. म्हणजे बोट नव्हतीच, पिवळी चिकटपट्टी होती. नऊ मीटर लांब, तीन मीटर रुंद, अगदी मापात. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममधल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटात एवढी बोट मावत नाही, त्यामुळे तिचं नाक स्वयंपाकघरात घुसलं होतं आणि नांगर फ्रिजखाली येत होता. मी सवयीने सोफ्याकडे वळलो तर पाटणकर शांतपणे म्हणाले, "मिलिंदराव, पाण्यात पडलात."

सोफा समुद्रात होता. टीव्हीही समुद्रात होता. पुढले तीन तास आम्ही तिघे, म्हणजे पाटणकर, मी आणि त्यांच्याच कारखान्यात काम करणारा केदार, त्या पिवळ्या रेघांच्या आत मांडी घालून बसलो. "समजा, बाहेर पाऊस आहे आणि तिघांनाही आतच बसायचंय," पाटणकर म्हणाले, "तर एकमेकांच्या अंगावर न ओरडता किती वेळ काढता येतो, हे आज मोजायचंय." केदार पन्नासाव्या मिनिटाला ओरडला. त्याची नोंद झाली.

वहिनी घरात असत्या तर ही बोट एक रात्रही टिकली नसती. पण गेली चार वर्षं वहिनी बहुतेक पुण्यातच असतात, त्यांच्या आईंच्या सोबतीला. मुलगा ओम बर्लिनला कुठल्याशा स्टार्टअपमध्ये आहे. तेव्हा दिवाणखान्यात समुद्र आणायला पाटणकरांना कोणाची परवानगी लागली नाही.

हा माणूस साठीला टेकलेला, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल आणि एक तिची बदली पेन्सिल. सव्वीस वर्षं त्यांनी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली. नवी गाडी समोर आली की आपल्याला तिचा रंग दिसतो. पाटणकरांना ती कुठे आणि कधी दगा देईल ते दिसतं. पगारच त्याचा मिळतो, त्यामुळे ती सवय घरी सोडून यायची त्यांना कधी गरज वाटली नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं. आमच्या गणपतीत आरती चालू असताना ते कोपऱ्यात टॉर्च घेऊन उभे असतात. समजा, वीज गेली तर. जर्मनीत वीज जात नाही हे त्यांना सांगून पाहिलंय. "अजून गेली नाही," असं त्यांचं उत्तर असतं.

वहिनी एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अहो, आमच्या लग्नात यांनी बाबांना विचारलं होतं, समजा, भटजी आलेच नाहीत तर? आणि विचारून थांबले नाहीत. दुसरे भटजी बाहेर रिक्षात बसवून ठेवले होते." पाटणकरांनी त्यावर एवढीच दुरुस्ती केली की रिक्षा सावलीत उभी केली होती.

अशा माणसाच्या डोक्यात समुद्र शिरला कसा, तर हॉलंडमध्ये ऑफिसच्या कामाला गेले असताना त्यांनी एका कुरणात गाई चरताना पाहिल्या आणि त्या गाईंच्या पाठीमागून, गवतातून, एक पांढरं शीड सावकाश चाललेलं पाहिलं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं शीड. मग कळलं की गवताआड कालवा आहे. पाटणकर म्हणे तिथे वीस मिनिटं उभे राहिले आणि त्यांची मीटिंग चुकली. त्यांच्या आयुष्यात मीटिंग एवढी एकदाच चुकली आहे.

आता कोणी म्हणेल, तिथेच बोट भाड्याने घ्यावी आणि फिरावं. मीही म्हणालो. पाटणकरांना ते अजिबात पटेना. ते पर्यटन झालं. आपण जर्मनीच्या किनाऱ्यावरून निघायचं, एम्डेनहून बोर्कुम बेटावर, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी उघड्या समुद्रावरून हॉलंडचा किनारा गाठायचा आणि श्लॉइजंमधून, म्हणजे पाण्याच्या दोन दरवाजांमधून, आतल्या गोड्या पाण्यात शिरायचं. ओमला हे सांगितलं तर तो फोनवर जर्मनमध्ये म्हणाला, "पापा, निम डॉख डी फेअरे." फेरीबोटीने जा की. पाटणकरांनी ते पर्याय म्हणून लिहून घेतलं.

समुद्राचं लायसन्स आम्ही माइन नदीत मिळवलं, कारण परीक्षा तिथे होते. शिडं चालवायला एडर तलावावर शिकलो. गाठी मात्र शिकलो पाटणकरांच्या हाइत्सुंगवर. हिवाळाभर त्या हीटरला इतके दोर बांधलेले असत की तो पळून जाईल अशी भीती असावी. पालश्टेक नावाची एक गाठ आहे, ती न घसरणारी. ती डोळे मिटून बांधता आल्याशिवाय पोहे मिळत नसत. पोहे पाटणकर स्वतः करत आणि उत्तम करत, त्यामुळे आम्ही शिकलो.

दर शनिवारी सकाळी दहाला बैठक. आणि बैठकीच्या मध्यभागी एक निळी फाइल, जिच्यात तो प्रसिद्ध तक्ता. हा तक्ता मोटारीच्या धंद्यातला. काय बिघडू शकतं, ते किती वाईट, म्हणजे एक ते दहामध्ये तीव्रता किती, ते कशावरून ओळखायचं आणि उपाय काय, असे चार रकाने. ब्रेकसाठी जे केलं तेच पाटणकरांनी आमच्या सहलीसाठी केलं. 'कुकरची शिट्टी. दुसऱ्या बोटीला धुक्यातला इशारा वाटू शकते. तीव्रता चार. उपाय: खिचडी उघड्या पातेल्यात.' असं ते चालायचं.

हॉलंडमधल्या काही जुन्या पुलांवर पूल उघडणारा माणूस गळाला लाकडी बूट बांधून खाली सोडतो आणि आपण चालत्या बोटीतून त्यात नाणं टाकायचं असतं. हे कुठेतरी वाचल्यावर पाटणकर गप्प बसणं शक्य नव्हतं. केदार स्टुलावर उभा राहिला, त्याच्या हातात झाडूची काठी, काठीला दोरा आणि दोऱ्याला वहिनींची कोल्हापुरी चप्पल. आम्ही खालून बोटीच्या वेगाने चालत जायचं आणि नाणं चपलेत टाकायचं. नेमका त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर पार्सल द्यायला आल्या. त्या दारातच थांबल्या, चपलेकडे पाहिलं, आणि हा काही धार्मिक विधी असावा असं समजून पार्सल जमिनीवर ठेवून पाय न वाजवता निघून गेल्या.

सगळं ठीक होतं. फक्त आम्ही जात नव्हतो.

पहिल्या वर्षी मे महिन्यात बोट ठरली, सुट्ट्या मंजूर झाल्या आणि आठ दिवस आधी पाटणकर म्हणाले, वारा बरोबर दिसत नाही. पुढे ढकलू. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये निघायच्या दहा दिवस आधी म्हणाले, भरतीच्या वेळा जुळत नाहीत. भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापून येतात, त्या दहा दिवसांत कशा बदलल्या, हे मी विचारलं नाही. त्या वेळी माझं लक्षच नव्हतं. पुण्यात आई आजारी होती आणि मी "बघू, बघू" करत होतो. सहल रद्द झाली, सुट्टी हाताशी होती, मी सरळ विमानात बसलो. आईच्या शेवटच्या चार दिवसांत मी तिच्या उशाशी होतो. परत आल्यावर मी मनातल्या मनात त्या भरतीचे आभार मानले होते.

पण यंदा माझाही धीर सुटला. माझी बदली उंटरश्लाइसहाइमला झाली, ऑगस्टपासून. म्युनिकशेजारी राहून दर शनिवारी र्युसेल्सहाइमला पोह्यांसाठी येणं काही शक्य नव्हतं. एप्रिलच्या एका बैठकीत पाटणकर 'समजा, पाणकावळा शिडावर बसला' असं काहीतरी वाचायला लागले आणि मी फाइल मिटली. म्हणालो, या जूनला नाही तर मी पुन्हा येणार नाही. आणि वर असंही बोलून गेलो की तुम्हाला समुद्राची भीती वाटते आणि ती तुम्ही आमच्या शनिवारांनी झाकताय. केदारने मान खाली घातली. पाटणकरांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाले, "आल्झो, ठरलं तर. जून." बस, एवढंच.

आणि आम्ही खरंच निघालो.

एम्डेनला पाटणकर बोटीवर चढले ते आधी टेप काढून ती मोजायला. नऊ मीटर भरली. बोर्कुमचा मुक्काम सुरळीत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीबरोबर बाहेर पडलो, चांगला वारा होता, बेट मागे राहिलं आणि समोर नुसतं करडं पाणी. माझ्यासाठी आलेपाकाच्या वड्या दर दोन तासांनी, केदारसाठी कानटोपी, सगळं तक्त्याप्रमाणे. तक्त्यात आम्हा दोघांना बोट लागण्याची सोय होती. पाटणकरांना लागण्याची नव्हती. आणि लागली नेमकी त्यांनाच.

सव्वीस वर्षांचा अनुभव बादलीवर ओणवा झाला. चेहरा कैरीच्या सालीसारखा हिरवा. तरी मधून मधून डोकं वर काढून केदारला दिशा विचारत होते. केदार सुकाणूवर मजेत होता आणि बोट चांगली चालली होती. किनारा दिसायला लागला तेव्हा पाटणकर क्षीण आवाजात म्हणाले, "मिलिंदराव, फाइल. श्लॉइजंचं पान काढून ठेवा."

मी खाली गेलो. बोट हलत होती, फाइल हातातून निसटली आणि भलतंच पान उघडलं. तोच तक्ता, तेच चार रकाने, पण वर लिहिलं होतं 'माणसं'.

पहिल्या ओळीत केदार. 'विभाग बंद होण्याच्या यादीत. घरी सांगितलेलं नाही. तीव्रता: आठ. कशावरून ओळखलं: पोहे दुसऱ्यांदा घेतले नाहीत. उपाय: सहल पुढे. कारण सांगताना: वारा.'

त्याखाली मी. 'मिलिंद. आई. तीव्रता: दहा. कशावरून ओळखलं: पालश्टेक चार वेळा चुकली, फोन मांडीवरून खाली ठेवत नाही. स्वतःहून सुट्टी मागणार नाही. उपाय: सहल पुढे, म्हणजे सुट्टी मोकळी होईल. कारण सांगताना: भरती.'

मी तिथेच खाली, दोन बाकांच्या मध्ये बसलो. या माणसाला मी भित्रा म्हणालो होतो, तेही केदारच्या देखत. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

शेवटची ओळ नवी होती, एप्रिलची. 'मिलिंद उंटरश्लाइसहाइमला. सहल झाली की बैठकाही संपल्या. शनिवार. तीव्रता: दहा. कशावरून ओळखलं: –' आणि उपायाच्या रकान्यात काहीच नव्हतं. तिथे लिहून लिहून खोडल्याने कागद पातळ झाला होता.

"सापडलं का?" वरून आवाज आला.

"सापडलं," मी म्हणालो आणि श्लॉइजंचं पान घेऊन वर गेलो.

दरवाजे उघडले, आम्ही आत शिरलो, मागचे दरवाजे मिटले, पुढचे उघडले. समुद्राचा आवाज बंद झाला. समोर सपाट पाणी, दोन्ही बाजूंना बोरू आणि गवत, आणि गवतात गाई. पाटणकर बादली बाजूला ठेवून उठून बसले. रंग परत आला होता. एका गाईने मान वर करून आमच्या शिडाकडे पाहिलं आणि ते तिच्याकडे बघत राहिले. डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाले. वारा पडला होता.

धक्क्याला बोट बांधून झाल्यावर केदार स्नेहाला, म्हणजे त्याच्या बायकोला, फोन करायला लांब गेला. मी फाइल पाटणकरांच्या मांडीवर ठेवली, तेच पान उघडून. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"भरतीचे आभार मानले होते मी," मी म्हणालो. "चुकीच्या पत्त्यावर गेले."

मला अजून खूप म्हणायचं होतं, माफीही मागायची होती, पण ते सरळ म्हणता येईना. मग त्यांच्याच शब्दाचा आधार घेतला.

"समजा," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी डेन्मार्कला जायचं ठरवलं. त्याची तयारी तर करावीच लागेल. समजा, महिन्यातून एका शनिवारी मी म्युनिकहून सकाळची गाडी धरली."

पाटणकरांनी खिशातून पेन्सिल काढली. रिकाम्या रकान्यावर ती टेकवली आणि थांबले.

"गाडी चुकली तर?"

"पुढची."

त्यांनी लिहिलं.

"तीही चुकली तर?"

"तर उशीर होईल."

तेही त्यांनी लिहिलं. मग फाइल मिटली, पेन्सिल खिशात ठेवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "हरकत नाही. पोहे तुम्ही आल्यावरच फोडणीला टाकेन."