सबनीसांची विकाऊ गाडी

सबनीस दर शुक्रवारी इस्त्रीची पँट घालून राईला, जुन्या गाड्यांच्या बाजारात जायचे आणि कुणाच्या तरी जुन्या गाडीखाली वाळूत उताणे झोपायचे. गाडीचा मालक, मग तो इजिप्तवाला असो की आपला केरळवाला, त्यांच्या बुटांकडे बघत ताटकळत उभा राहायचा. खालून आवाज यायचा, "पत्रा कुठाय?"

हा इंजिनाखालचा पत्रा. रस्त्यावरची वाळू उडून आत जाऊ नये म्हणून असतो. दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी तो काढतं आणि परत बसवायचा कंटाळा करतं, एवढीच गोष्ट. सबनीसांना हे पटायचं नाही. "झाकण आपोआप जात नसतं, देसाई. कुणीतरी आत हात घातलाय, आणि निस्तरेना म्हणून पळालाय."

आम्ही आखातात एकाच हॉस्पिटलात होतो. मी स्टोअरमध्ये, ते एक्स-रेमध्ये. राहायलाही अब्बासियात एकाच इमारतीत. ऐंशीच्या आगेमागे गावाकडून येणारा प्रत्येक नवा माणूस लायसन हातात पडलं की जुनी गाडी शोधायचा आणि ती दाखवायला सबनीसांना घेऊन जायचा. गाड्यांतले जाणकार म्हणून त्यांचं नाव कसं झालं, कुणास ठाऊक. स्वतः ते हॉस्पिटलच्या बसनं यायचे.

तेलाचं झाकण काढून ते आतून बोट फिरवायचे. पांढरट फेस लागला, की "तेलात पाणी. हेड गेलं." धूर निळा आला, की "तेल पितेय." इंजिन स्वच्छ, कोरडं असलं तर आणखी वाईट. "धुतलंय. गळती लपवलीय." एकदा आमच्या एका डॉक्टरांनी वैतागून विचारलं, "सबनीस, चांगली गाडी दिसते तरी कशी?"

"मी अजून पाहिलेली नाही," सबनीस म्हणाले.

मला एकदा म्हणाले, "फिल्मवर पेशंटचं सगळं दिसतं मला. पण बोलायची परवानगी नाही, ते डॉक्टरनं सांगायचं. गाडीचं तरी मी सांगू शकतो."

लोक त्यांचं ऐकून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात, त्यांना न कळवता, तीच गाडी घेऊन टाकायचे. मग ती आमच्या इमारतीखाली उभी राहायची. सबनीस जाता-येता वाकून खाली बघायचे आणि मालकाला गाठून सांगायचे, "ठिबकतेय." त्यामुळे त्यांना सहसा कुणी चहाला बोलवायचं नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मुलगी रेवा सांगलीला वहिनींच्या माहेरी राहत. सबनीस वर्षाआड सुट्टीवर जात. शेवटी एकदाचा दोघींचा व्हिसा झाला, आणि सबनीसांनी गाडी घेतली. एकट्यानं, घाईत. पिस्ता रंगाची, लांबलचक. मी वाकून पाहिलं. पत्रा नव्हता. बॉनेट उचललं, तर बॅटरीवर झाकण नव्हतं. रेडिएटरखाली ओल होती.

"सबनीस, ही घेतलीत?"

"दिसतंय मला," ते म्हणाले. "बायकोपोरीला विमानतळावरून टॅक्सीनं आणू का?"

वहिनी आल्या. पहिल्याच आठवड्यात फोडणी करपली, दाराची कडी चुकीची लागली, रेवा पाठ वाकवून बसते आणि बोलताना शब्द खाते, हे सगळं सबनीसांनी शोधून काढलं. वहिनी आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या बायकोला शांतपणे म्हणाल्या, "बायको आणलीय की गाडी बघायला आलेत, तेच कळत नाही हो. सकाळपासून ठोकून बघतात."

माझी बायको हसली. वहिनी हसल्या नाहीत. रेवाची शाळेची सुट्टी संपायच्या आतच त्या तिला घेऊन परत गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. सबनीस सगळ्यांना सांगायचे, "तिला इथली हवा मानवली नाही." लोक माना डोलवायचे. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ होत्या.

एकट्या माणसाला गाडी कशाला, म्हणून त्यांनी काचेला विक्रीचा पुठ्ठा लावला. मी एक गिऱ्हाईक आणलं, जाधव नावाचा चिपळूणचा पोरगा, नर्सिंगमध्ये नवीन लागलेला. सबनीसांनी स्वतःच बॉनेट उघडलं.

"खाली पत्रा नाही. वाळू खाऊन इंजिन बसणार. रिंगा गेल्यात."

"मी करून घेईन, साहेब."

"रेडिएटर फुटकाय. भर उन्हात रस्त्यावर उभा राहशील."

जाधव माझ्याकडे बघून निघून गेला. याआधीची गिऱ्हाइकंही अशीच गेली होती. मी चिडलो. "विकायची नसेल तर पुठ्ठा कशाला लावलाय? आणि रेडिएटर तरी झाळून घ्या. राईत अर्ध्या दिवसाचं काम आहे."

सबनीसांनी रेडिएटरचं झाकण घट्ट फिरवून बघितलं.

"त्या दोघी आल्यावर आम्ही वफ्र्याला निघालो होतो," ते म्हणाले. "रेवाला वाळवंटातली शेती बघायची होती. वाटेत गाडी तापली. ही आतच बसून राहिली, तोंड फिरवून. रेवा उतरली. आल्यापासून तिनं मला हाक मारली नव्हती, देसाई. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहायची. त्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, 'बाबा, मी ओतू?'"

"मग?"

"इंजिन गार झाल्यावर ओतलं तिनं. दोन्ही हातांनी बाटली धरून, जपून."

"तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी बॉनेट खाली घेतलं आणि तळहातानं दाबून बंद केलं.

"म्हटलं, सांडतेयस. नीट धर."

मग ते जिना चढायला लागले.