दुपारची गाळणी

प्रयोगशाळेच्या गच्चीवर हवा ओढणारं एक यंत्र होतं. दर दोन तासांनी त्यातली गाळणी बदलायची आणि तिच्यावर अडकलेल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचून हवेत कोण कोण राहतं याची यादी करायची, हे संशोधक बाईंचं काम. यादीत मातीतले, पानांवरचे नेहमीचे रहिवासी असत. दुपारी दोन ते चारच्या गाळणीत मात्र माणसाच्या तोंडातले जिवाणू खच्चून भरलेले. रविवारी एकही नाही.

"कोणीतरी यंत्राशेजारी तोंड उघडं टाकून झोपतंय," प्रयोगशाळेचे प्रमुख साहेब म्हणाले.

गच्चीची किल्ली पहारेकऱ्याकडे होती. सोमवारी तपासणी समिती येणार, त्याआधी त्याला घरी बसवायचं, असं ठरवून साहेबांनी पत्रही टाइप करून घेतलं.

पहारेकरी सतरा वर्षं नोकरीत असलेला. दुपारी आपण फाटकावरच असतो, असं तो सांगत राहिला. "आणि बाई, त्या उन्हात गच्चीवर मांजरसुद्धा झोपत नाही."

बाईंनी दोन दिवस मागून घेतले आणि कापसाची काडी त्याच्या तोंडात फिरवली. त्याचे जिवाणू गाळणीतल्यांशी जुळले नाहीत.

"मग आपल्यापैकीच कोणाला तरी त्याने वर सोडलं असणार," साहेब हटले नाहीत. "सगळ्यांशी ताडून बघा."

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे नमुने फ्रीजरमध्ये तयारच होते. आपलेच जिवाणू निकालात मिसळले तर ओळखता यावेत म्हणून साहेबांनीच तसा नियम केला होता, आणि पहिली काडी स्वतःच्या तोंडात घातली होती.

दुसऱ्या दिवशी बाई निकाल घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

"सापडला?"

"सापडला, सर. नमुना क्रमांक एक."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मी जन्मात गच्चीवर गेलेलो नाही. सगळ्यांना माहीत आहे, जेवण झालं की मी इथेच असतो. चिंतन करत."

बाईंनी वर पाहिलं. आरामखुर्चीच्या थेट डोक्यावर, छतात, हवा बाहेर फेकणारा पंखा फिरत होता. त्याचं नळकांडं गच्चीवर कुठे उघडतं, हे सांगावं लागलं नाही.

साहेबांनी पत्र स्वतःच्या हाताने फाडलं. "यंत्र गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवून घ्या," एवढंच म्हणाले.

यंत्र उचलायला पहारेकरीच आला. अडीच वाजले होते. नळकांड्याजवळ तो थबकला, वाकून कान लावला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाई. चिंतन चालू आहे."