कमरेत दोन इंच लूजिंग

क्लबच्या मीटिंगमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या सरांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, की दोन महिन्यांत माझ्या पोरी वाऱ्याशी शर्यत लावतील. सर नुकतेच दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. खेळाडूच्या अंगात चरबी किती आणि स्नायू किती हे कळलं की त्याचा वेग आपल्या हातात, हे त्यांच्या मनावर इतकं बिंबलं होतं, की जिना चढणाऱ्या शेजाऱ्यांकडेही ते टक्केवारीच्या नजरेनं बघायला लागले होते.

शिबिरात कातडीची घडी धरून चरबी मोजायचा एक चिमटा मिळाला होता. तो खिशातून काढताच मुली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. त्या दिवशीचा त्यांचा वेग उत्तम होता, पण सरांनी तो लिहून ठेवला नाही.

मग त्यांना आपल्या बहिणीची, ताईची आठवण झाली. ताई शिवणकाम करायची, संघाचे नवे कपडे तिच्याकडेच होते आणि सगळ्या मुलींची मापं तिनं आठवड्यापूर्वीच घेतली होती. सरांनी तिची वही आणली, कमरेचे आकडे कॉम्प्युटरमधल्या सूत्रात भरले आणि हबकलेच. सोळाच्या सोळा जणी 'जास्त' या रकान्यात! गोलकीपर तर लाल रंगात.

सरांनी पालकांना बोलावून बिस्किटं, गोड, तळलेलं, सगळं बंद करायला सांगितलं. सरावाआधी मैदानाला दहा फेऱ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी त्यांनी स्टॉपवॉच लावलं, तर मुली आधीपेक्षा हळू धावत होत्या. आळस, असं म्हणत सरांनी फेऱ्या पंधरा केल्या.

गोलकीपर मात्र तक्रार करत नव्हती. डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती, हे सरांना फार उशिरा कळलं. पूर्वी उडी मारून गोलच्या आडव्या काठीला हात लावणारी ती पोर आता चेंडू डोक्यावरून गेल्यावर उडी मारायची. एका संध्याकाळी जाळी गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं,

"सर, मी अजून किती कमी व्हायला हवी?"

सरांनी आकडा सांगितला. ती मान हलवून गेली. सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही, पण कारण लक्षात आलं नाही.

कारण घेऊन ताईच आली. कपडे घालून बघताना मुली दोन्ही हातांनी पँट धरून उभ्या राहिल्या, तेव्हा ताईनं टेप काढला, पुन्हा मापं घेतली आणि भावाकडे वळली.

"पोरी आजारी होत्या का रे?"

सरांनी अभिमानानं तक्ता पुढे केला. ताईनं तो वाचला, मग आपली वही उघडली.

"ही अंगाची मापं नाहीत, कपड्यांची आहेत. पोरी धावणार, वाकणार, वाढणार, म्हणून कमरेला दोन इंच जास्तीचं लूजिंग धरलंय मी."

सरांनी प्रत्येक आकड्यातून दोन इंच वजा केले, तर 'जास्त'च्या रकान्यात कोणीच उरलं नाही. महिनाभर त्यांनी सोळा मुलींना नसलेली चरबी उतरवायला लावली होती. नसलेली उतरेना, तेव्हा असलेलं बळ उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींसमोर उभं राहून सगळं सांगितलं. मुली हसल्या, एकमेकींच्या पँटी ओढल्या आणि फेऱ्या बंद झाल्याचा आनंद करत चेंडूकडे पळाल्या. गोलकीपर हसली नाही. ती सरावालाच आली नव्हती.

सर तिच्या घरी गेले. आईनं दार उघडलं, आत बोलावलं, पण बसा म्हटलं नाही. सरांनी उभ्यानंच पुन्हा सगळं सांगितलं. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती.

"मग आता किती खाऊ?" तिनं विचारलं.

सरांनी सवयीनं बॅगेतला तक्ता काढला आणि परत ठेवला.

"भूक असेल तेवढं," शेवटी ते म्हणाले.

"लिहून द्या."

सरांनी बॅगेतून क्लबचा लेटरपॅड काढला, तेवढंच एक वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो आईकडे दिला. आईनं दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली.

"शिक्का?" आई म्हणाली.

शिक्का ऑफिसात होता. सर आणायला निघाले.